धुऱ्यावरचं औषध

नाचणगावहून नाल्याकडे जाणारी पांदण संपते तिथे आनंदाबाईंचं वावर आहे. अडीच एकर काळी जमीन, मध्ये वापरात नसलेली दगडी विहीर, विहिरीशेजारी टिनाची खोली. त्यांचं वावर आणि अंकुशचं वावर यांच्यामधला धुरा, म्हणजे बांध, गावातला सर्वांत रुंद धुरा आहे. बाकीचे धुरे दरवर्षी वखराच्या एकेका फेरीने झिजले. आता त्यांच्यावरून माणूस तोल सांभाळत जेमतेम चालतो. आनंदाबाईंच्या धुऱ्यावर बैलबंडी उभी राहील, पण त्या कुणाला उभी करू देत नाहीत. त्या धुऱ्यावर शतावरीच्या नऊ जाळ्या आहेत.

दहा महिने त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. सुईसारखी हिरवी पालवी, आणि देठाला मागे वळलेले काटे. बकरीसुद्धा एकदा तोंड लावून दुसऱ्यांदा येत नाही. उन्हाळ्यात सगळं वाळून जातं आणि वाटतं, संपलं. मग मृगानंतर जमिनीतून बोटाएवढे कोंब वर येतात. कोजागिरीच्या आसपास त्या जाळ्यांवर कुणी रवा उधळावा तशी फुलं येतात. आधी ऐकू येतं, नंतर वास येतो, फूल सगळ्यात शेवटी दिसतं. ऐकू येतात त्या माश्या. विहिरीच्या पडलेल्या दगडामागे सातेरी माशीचं मोहळ आहे. कापसाच्या पऱ्हाटीची फुलं सरत येतात आणि तूर अजून फुलायची असते, त्या मधल्या दिवसांत त्या माश्यांना खायला हा धुराच असतो.

गावात आनंदाबाईंना एक नाव आहे. ते श्रीनिवास मास्तरांमुळे पडलं. पुलगावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर एकदा पारावर बसून सांगत होते की शतावरी म्हणजे शंभर मुळ्यांची, पण जुने वैद्य दुसराही अर्थ लावतात, शंभर नवरे जिला वरतात ती. मास्तरांनी तो अर्थ गंभीरपणे सांगितला होता. संध्याकाळपर्यंत तो हापशीवर पोचला.

"आली वं, शंभर नवऱ्याची आली," शकुंतलाबाई घागर हापशीखाली सरकवत म्हणाल्या.

"शंभर कुठचे वं बाई, एकच हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "आन् तोही कामाचा नाई. पायजे तं घेऊन जाय."

बायका खूप हसल्या. आनंदाबाईही हसल्या. त्या जाळ्या तिथे कशासाठी लावल्या आहेत, हे हापशीवर कुणालाच माहीत नव्हतं. घरातल्या दोघांना माहीत होतं, आणि ते दोघे त्याबद्दल बोलत नसत.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी छाया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. भादव्यात मुलगी झाली. छायाला दूध उतरेना. धुऱ्यावर तेव्हा शतावरीची एकच जुनी जाळी होती, आनंदाबाईंच्या सासूच्या वेळची. सासूने त्यांना शिकवलं होतं की मुळ्या काढायच्या तर अर्ध्याच. एका बाजूने उकरायचं, पांढऱ्या मुळ्यांचा अर्धा घोस तोडायचा आणि अर्धा मातीखाली झाकून ठेवायचा. औषध आपल्यापुरतं घ्यायचं, मागच्याचं मागच्याला ठेवायचं. आनंदाबाईंनी त्या दिवशी कुदळ घेतली आणि सगळी जाळी मुळासकट काढली. घाई होती. एवढ्या मुळ्या उकळल्या तर दूध नक्की येईल असं त्यांना वाटलं. धुऱ्यावर हातभर खोल खड्डा पडला.

दूध आलं. पाचव्या दिवशी आलं आणि भरपूर आलं. नवव्या दिवशी मुलगी गेली. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी सांगितलं होतं, जन्मापासूनचं. छाया तापाने फणफणत आतल्या खोलीत पडून होती आणि तिचं लुगडं दुधाने भिजत होतं.

दुपारची वेळ होती, पण पावसाने अंधारलं होतं. नदीला पूर होता. आनंदाबाईंचे नवरे बबनराव मुलीला फडक्यात गुंडाळून निघाले ते नदीकडे निघाले होते. पांदणीच्या टोकाशी पाणी कमरेपर्यंत आलेलं पाहून ते उजवीकडे वळले. वावरात खणायला जावं तर काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. धुऱ्यावर खड्डा तयार होता.

घरी आल्यावर छायाने आतून विचारलं, "बाबा, कुठं ठेवलं?"

"नदीवर," बबनराव म्हणाले.

ते एकदाच बोलले. एकदा बोललेला शब्द परत घ्यायला दुसरा दिवस लागतो, आणि तो दिवस आला नाही. छाया केळझरला सासरी गेली. नंतर तिला दोन मुलं झाली, पण एकाही बाळंतपणाला ती माहेरी आली नाही. सणाला यायची, चहा घ्यायची आणि दुपारच्या एसटीने परत जायची.

पुढच्या वर्षी आनंदाबाईंनी नाल्याकाठच्या झुडपांतून शतावरीची लाल फळं आणली. ती चुरगाळून काळं बी काढलं, शेणकाल्यात एक दिवस भिजवलं आणि धुऱ्यावर त्या जागी टोचलं. वीस दिवस काही नाही. तिसाव्या दिवशी केसाएवढे दोन कोंब आले. त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. उन्हाळ्यात कोंब वाळले तेव्हा त्या धुऱ्यावर बसून रडल्या. पावसाळ्यात एक परत आला. तिसऱ्या वर्षी त्याला फुलं आली आणि एकही फळ न धरता सगळी गळून गेली.

त्या वर्षी त्या रोज सकाळी जाऊन जाळीशेजारी बसल्या. फुलं होती, वास होता, पण ऐकू काही येत नव्हतं. अंकुशच्या पऱ्हाटीच्या ओळींत, धुऱ्याकडच्या तासांत, त्यांना मेलेल्या माश्या सापडल्या. त्यांनी त्या पदरात गोळा केल्या आणि अंकुशच्या समोर धरल्या.

"धुऱ्याकडचे चार तास तू सांजेले फवारत जाय," त्या म्हणाल्या.

"काऊन काकू?"

"दिवसा त्या फुलावर असते. सांजेले घरी जाते."

"म्हणजे आता मी माश्यांचं टाइमटेबल पाहून फवारू? पगारी हाय का त्या?"

"हाय. तुह्या तुरीले शेंगा कोण धरवते? तुहा बाप?"

अंकुश हसला. पस्तिशीचा माणूस, मनाने वाईट नव्हता. पहिल्या वर्षी तो दोनदा विसरला, दुसऱ्या वर्षी एकदा. मग सवय झाली. त्या बाजूला तुरीच्या शेंगा जास्त भरतात, असं तो एकदा बोलून गेला आणि लगेच म्हणाला, "पाणी तिकडं मुरते म्हणून." विहिरीत मोहळ बसलं. जाळीला फळं धरली, लाल झाली, आनंदाबाईंनी त्याच बियांतून पुढच्या जाळ्या केल्या. खड्ड्यावरची ती जाळी विहिरीकडून पहिली. बाकीच्या तिच्यापासून नाल्याच्या दिशेने, एकामागे एक.

बबनराव या सगळ्याला काही म्हणाले नाहीत. धुऱ्यात पिकाच्या दोन तासांची जागा जाते, एवढं मात्र ते दरवर्षी म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या घेऊन ते इतरांसोबत शिवेवर फेकायला जात आणि ओरडत, "ढेकूण, डास, खोकला, खरूज घेऊन जाय गे मारबत!" आनंदाबाई मागून पुटपुटत, "माश्या राहू देजो."

"मारबतीले अटी घालून राह्यली का?" बबनराव म्हणत.

यंदा त्या मारबतीच्या दिवशीच छायाचा फोन आला.

"दिवाळीले येतो, माय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "माह्यासंग नदीवर चाल. जिथं ठेवलं तिथं मले एकदा जायचं हाय. अकरा वर्षं झाले, मले जागा माहीत नाई."

"येजो," आनंदाबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बबनरावांनी सगळं ऐकलं होतं.

"मी सांगणार हाय तिले," आनंदाबाई म्हणाल्या. "तवा फूल राहीन. फुलात नेऊन सांगीन."

बबनरावांनी मान हलवली. अकरा वर्षांत त्या विषयावर त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं होतं. त्या दिवसापासून ते रोज वावरात जाऊ लागले. जाळ्यांखालचं गवत हाताने उपटलं. कुंपणाचे काटे बदलले. आनंदाबाईंनी दुरून पाहिलं आणि मध्ये पडल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला उशिरा सुचलेलं काम असतं, ते त्याचं त्याला करू द्यावं असं त्यांना वाटलं.

आश्विन लागता लागता कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला. कळ्या नुकत्या धरत होत्या. बबनरावांनी घरच्या निंबोळ्या कुटल्या, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी अर्क गाळला. टिनाच्या खोलीत खुंटीला पाठीवरचा पंप होता. तो चार दिवसांपूर्वी अंकुश मागून घेऊन गेला होता आणि परत आणून टांगून गेला होता. बबनरावांनी पंप हलवला. तळाशी तीन-चार लिटर पाणी डुचमळलं. धुतल्याचं राहिलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यावरच त्यांनी अर्क ओतला. निंबोळीच्या उग्र वासात दुसरा वास कळला नाही.

खड्ड्यावरच्या जाळीपासून त्यांनी सुरुवात केली. तिला दोनदा मारलं. वरून एकदा, खालून एकदा, पालवी उलटून उलटून. मग दुसरी, तिसरी. सहाव्या जाळीला पंप संपला. शेवटच्या तीन जाळ्यांवर मावा नव्हताच, म्हणून त्यांनी पुन्हा भरला नाही. घरी येऊन ते म्हणाले, "औषध मारलं आज."

"बरं केलं," आनंदाबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी पहिल्या जाळीचे शेंडे पिवळे पडले. आनंदाबाईंनी पाणी घातलं. दहाव्या दिवशी कळ्या गळू लागल्या. त्यांनी आणखी पाणी घातलं. पिवळेपणा शेंड्यावरून खाली उतरत होता, एकसारखा, जणू कुणी ठरवून दिलेल्या मापाने. सहा जाळ्या पिवळ्या, तीन हिरव्या. बाराव्या दिवशी त्यांनी अंकुशला हाक मारली.

अंकुश आला. त्याने एक काडी मोडली, वाकवली, मग तो पांदणीच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या गवताकडे पाहत उभा राहिला. ते गवत त्यानेच मारलं होतं.

"काकू, हे रोग नाई," तो म्हणाला. "हे तणनाशकाचं हाय. पंप कोणता घेतलता?"

बबनराव मागे उभे होते. "खुंटीचा."

"धुतला व्हता का?"

"पाणी व्हतं ना तळाशी. मले वाटलं तू धुऊन ठेवलं."

अंकुशने डोक्यावरचा दुपट्टा काढला. "ते पाणी नव्हतं, काका. उरलेलं व्हतं. मी सांगणार व्हतो. फोन आला मले तवा, आन् राहून गेलं."

आनंदाबाईंनी विचारलं, "मुळी राहते का?"

"ते मुळीलेच जाते, काकू. वरून खाली. कमी लागलं असन तं वाचन. उकरून पाह्य. मुळी टणक पांढरी असन तं जिवंत. मऊ पडली असन तं गेली." तो उकिडवा बसला आणि त्याने खुरप्यासाठी हात पुढे केला. "आन, मी पाहतो."

"हात लावू नको," बबनराव ओरडले.

अंकुश दचकला. त्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, काहीच कळलं नाही, आणि दुपट्टा झटकून तो निघून गेला.

कोजागिरी झाली. शेवटच्या तीन जाळ्या फुलल्या. विहिरीतून माश्या निघत, सवयीने पहिल्या जाळीवर येत, वाळक्या काड्यांभोवती फिरत आणि मग पुढे जात. बबनराव त्या दिवसांत रोज पंप धूत बसत. पाणी भरायचं, हलवायचं, ओतायचं. सोड्याने धुवायचं, परत पाण्याने. आनंदाबाईंनी एकदा म्हटलं, "झाला आता तो." त्यांनी ऐकलं नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी ते अचानक म्हणाले, "छायाची माय."

"काय?"

"तिकडची दाखव तिले. फुलाची. तिले काय माहीत, कोणती हाय ते."

आनंदाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

छाया दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने आली. चाळिशीकडे झुकलेली, केसांत पांढरं, हातात खाऊच्या पिशव्या. केळझरला तिचा नवरा गणपतीच्या देवळापाशी हार-फुलांचं दुकान लावतो, म्हणून तिने झेंडूचा हार आणला होता. तो नदीवर सोडायचा होता.

"नदीवर नाई जायचं," आनंदाबाई म्हणाल्या. "वावरात चाल."

"वावरात काऊन?"

"चाल तं."

रस्त्यात त्यांनी सगळं सांगितलं. पूर, पांदण, खड्डा. पाठ न वळवता, पुढे चालत चालत सांगितलं. मागून छायाच्या चपलांचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. बबनराव त्या दोघींच्या बरेच मागे होते.

धुऱ्यावर आल्यावर आनंदाबाईंच्या पायांनी त्यांना विचारलं नाही. ते पहिल्या जाळीवरून पुढे गेले, दुसरीवरून, सहावीवरून, आणि पांढऱ्या फुलांपाशी जाऊन थांबले.

"इथं?" छायाने विचारलं.

आनंदाबाईंनी मान हलवली.

छाया खाली बसली. हार तिने जाळीच्या बुंध्याशी ठेवला. माश्या तिच्या डोक्यावरून, कानाजवळून जात होत्या, त्यांना तिच्याशी देणंघेणं नव्हतं. तिने डोळे मिटले. तशीच म्हणाली, "मले वाटे, नदीनं कुठं नेलं असन तिले. झोपेत पाणीच दिसे मले." मग म्हणाली, "चांगली जागा हाय, माय. किती गुणगुण चालू हाय." तिच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांपूर्वीचं काहीतरी परत येत होतं. आनंदाबाईंना तिच्याकडे पाहवेना.

"तिथं नाई."

बबनराव विहिरीजवळ उभे होते. "तिथं नाई, छाया. इथं."

छाया उठली. तिने आईकडे पाहिलं. आनंदाबाई जमिनीकडे पाहत होत्या. हार तिथेच राहिला. छाया पिवळ्या, वाळक्या सहा जाळ्यांच्या कडेने चालत बापाजवळ गेली.

"हे काऊन वाळलं?"

"मी मारलं," बबनराव म्हणाले.

"काय मारलं?"

"औषध."

छाया त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हसू यावं तसं तिचं तोंड वाकडं झालं, पण हसू नव्हतं. "तुमी नदी म्हणाले तवा मी मानलं," ती म्हणाली. "माय फूल म्हणाली, तेही मानलं असतं."

"म्हणूनच सांगतलं," बबनराव म्हणाले.

तिने खाली वाकून एक काडी धरली. ती कटकन मोडली. "मुळी हाय का?"

"माहीत नाई."

"माहीत काऊन नाई? उकरलं की समजते." टिनाच्या खोलीच्या दाराशी खुरपं होतं. छायाने ते उचललं आणि ती गुडघ्यांवर बसली. पहिला घाव मातीत बसला. दुसऱ्याच्या आधी आनंदाबाई धावत आल्या आणि त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"नको उकरू."

"मंग समजन कसं?"

"नाई समजत."

खुरपं मातीत उभं राहिलं. छायाला तेव्हा कळलं की मुळीपर्यंत जायला कशामधून जावं लागेल. तिने हात काढून घेतला आणि तो पदराला पुसला, पुन्हा पुन्हा.

"पावसात कोंब आला तं आला," आनंदाबाई म्हणाल्या. "मृग लागल्यावर."

"आन् नाई आला तं?"

छाया दुपारच्या एसटीने गेली. धुऱ्यावरून उठताना तिच्या लुगड्याचा काठ जाळीत अडकला. शतावरीचे काटे मागे वळलेले असतात, ओढलं की जास्त रुततात. काडी वाळली होती, पण काटा टणक होता. तिने ओढलं नाही. खाली बसून एकेक काटा सोडवला. वेळ लागला. जूनमध्ये येईन असं ती म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. बबनराव तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, आणि दोघे पांदणीतून एकमेकांपासून पाच पावलं राखून चालत गेले.

आनंदाबाईंनी खुरपं उपटलं. जमिनीला पडलेली चीर त्यांनी अंगठ्याने दाबून बुजवली. तिकडे टोकाला झेंडूच्या हारावर दोन माश्या बसल्या होत्या. त्या एकदा फुलात शिरल्या, बाहेर आल्या आणि पुन्हा शतावरीकडे गेल्या.